दुधाची पावडर घरात असावी का? फायदे, तोटे आणि आपापले अनुभव

अकोटा_बडोदे (धागा सुरू करणारी)

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोदे शहरात शिरले, तेव्हा आमच्या अकोट्यातील इमारतीच्या वाहनतळात छातीएवढे पाणी उभे होते आणि सलग तीन दिवस दुधाची एकही थैली वर येऊ शकली नाही. घरात सासूबाई, मधुमेह असलेले सासरे, चार वर्षांचा मुलगा आणि जन्माष्टमीसाठी माहेरी आलेली नणंद तिच्या सात महिन्यांच्या बाळासह, एवढी माणसे होती. कपाटात प्रवासासाठी आणून ठेवलेले पावडरीचे एक पाकीट निघाले आणि त्यावर आम्ही मोठ्यांचा चहा व मुलाचे दोन वेळचे दूध भागवले. एका रात्री नणंदेने विचारले की बाळालाही हेच पातळ करून पाजावे का. आम्ही पाजले नाही, परंतु त्यामागे काही माहिती नव्हती, केवळ भीती होती, आणि ही गोष्ट मला आजही टोचते. सासूबाईंनी ते तीन दिवस कोरा चहा घेतला. "पीठ कालवलेले पाणी मी दूध म्हणून पिणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आता पावसाळ्याआधी घरात पावडर आणून ठेवावी की नाही, यावर आमच्याकडे दोन मते आहेत. माझे म्हणणे असे की तीन दिवस घर अडकून पडू शकते हे आपण पाहिले आहे, तर सासूबाईंचे म्हणणे असे की एकदा डबा घरात आला की तो रोजच्या चहात शिरतो आणि ताजे दूध हळूहळू मागे पडते. दोन्ही मुद्दे मला खरे वाटतात. पावडरीत पोषण किती उरते, मधुमेही माणसाला ती चालते का, लहान मुलांना कोणत्या वयापासून द्यावी, डबा उघडल्यावर किती दिवस टिकते आणि तिचे दही लागते का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आणंदचा_निवृत्त

ताई, मी आयुष्यभर दूधधंद्याच्या तांत्रिक बाजूला काम केले आहे, म्हणून सुरुवात मी करतो. आपल्या घरातील वादाचे अर्धे मूळ शब्दात आहे. 'दुधाची पावडर' या एकाच नावाखाली दुकानात चार वेगवेगळे पदार्थ मिळतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली संपूर्ण दुधाची पावडर, जिच्यात दुधातील स्निग्धांश तसाच असतो आणि तो किमान २६ टक्के असावा लागतो. दुसरी स्किम्ड म्हणजे साय काढलेल्या दुधाची, जिच्यात स्निग्धांश जास्तीत जास्त दीड टक्का असतो. तिसरे ज्याला 'डेअरी व्हाइटनर' म्हणतात ते, आणि हे मुख्यतः चहा-कॉफीसाठी असून त्यात बहुतेक वेळा साखर घातलेली असते. चौथे म्हणजे तान्ह्या बाळांसाठी खास बनवलेले शिशुअन्न, जे वरील तिन्हींपेक्षा सर्वस्वी निराळे असते. आपल्या कपाटात प्रवासासाठी ठेवलेले पाकीट बहुधा तिसऱ्या प्रकारचे असावे, कारण लहान पाकिटांत तेच सर्वत्र मिळते. पाकिटाच्या दर्शनी भागावरील चित्र न पाहता मागील बाजूचा घटकांचा मजकूर वाचावा, एवढी एक सवय लावली तरी बरेच प्रश्न सुटतात.

सासूबाईंच्या 'पीठ' या शब्दाविषयी मला आदराने एक सांगायचे आहे. पावडरीत पीठ नसते, दुधातील पाणी तेवढे काढलेले असते. दूध प्रथम निर्वात यंत्रात आटवतात, जिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे ते १०० अंशांच्या बऱ्याच खाली उकळते आणि जळत नाही. निम्मे घन पदार्थ होईपर्यंत घट्ट झालेले हे दूध उंच मनोऱ्यात बारीक तुषारांच्या रूपाने सोडतात आणि त्यावर सुमारे १८० ते २०० अंशांची गरम हवा येते. ऐकताना हे तापमान भयंकर वाटते, परंतु तुषारातील पाणी उडून जाताना उष्णता शोषून घेते, त्यामुळे खुद्द दुधाचा कण तेवढा तापत नाही आणि काही क्षणांतच कोरडा होऊन खाली बसतो. साय काढलेल्या साधारण ११ लिटर दुधातून १ किलो पावडर मिळते.

आपण बडोद्याचे लोक आहोत, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हशीच्या दुधाची अशी पावडर होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे ठाम मत होते, कारण त्यांच्याकडील सगळे तंत्र गाईच्या दुधावर उभे होते. आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर असलेल्या आणंदमध्ये हरिचंद मेघा दलाया यांनी ते मत खोटे ठरवले. दलाया हे आणंदच्या सहकारी डेअरीचे सूत्रधार वर्गीज कुरियन यांचे अमेरिकेतील शिक्षणाच्या काळापासूनचे मित्र होते. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, म्हणजे सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, पंडित नेहरूंच्या हस्ते म्हशीच्या दुधाची पावडर करणाऱ्या तेथील नव्या डेअरीचे उद्घाटन झाले. ही यंत्रणा हवी होती ती शहरी ग्राहकाच्या सोयीसाठी नव्हे. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात, हे आपल्याकडील निसर्गचक्र आहे. हिवाळ्यातील जादा दूध घ्यायला कोणी नसल्यामुळे शेतकऱ्याला ते मातीमोल विकावे लागे. त्या दुधाची पावडर होऊ लागली, तेव्हा वर्षभर दूध विकत घेण्याची हमी देणे सहकारी संघांना शक्य झाले. म्हणून पावडरीकडे मी प्रथम शेतकऱ्याच्या बाजूने पाहतो.

पोषण_शिकवते

आणंदच्या काकांनी पाया घालून दिला, मी पोषणापुरते लिहिते. प्रथिने आणि कॅल्शियम या दोन गोष्टींसाठी आपण मुलांना व वृद्धांना दूध देतो आणि त्या दोन्ही पावडरीत जवळपास पूर्ण टिकतात. संपूर्ण दुधाची २५ ग्रॅम पावडर पाण्यात कालवून एक पेलाभर दूध केले, तर त्यात सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने आणि सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते, जे गाईच्या ताज्या दुधाच्या पेल्याच्या तोडीचे आहे. स्किम्ड पावडरीत प्रथिनांचे प्रमाण आणखी अधिक, म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५ ग्रॅम असते. ज्या वृद्धांचे जेवण कमी झाले आहे, त्यांच्या लापशीत, मऊ भातात किंवा सुपात एक-दोन चमचे स्किम्ड पावडर मिसळणे हा प्रथिने वाढवण्याचा सोपा मार्ग आहे आणि मी तो अनेक घरांना सुचवते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र हे परस्पर करू नये, कारण प्रथिने आणि फॉस्फरस दोन्ही तेथे मोजून घ्यावी लागतात.

घट कोठे होते, तेही सांगते. उष्णतेने क जीवनसत्त्व आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे कमी होतात. त्यांपैकी क जीवनसत्त्वासाठी आपण मुळात दुधावर अवलंबून नसतो, परंतु ब-१२ ची गोष्ट वेगळी आहे, कारण शाकाहारी घरांत दूध हाच त्याचा मुख्य आधार असतो. सायीबरोबर अ आणि ड जीवनसत्त्वेही निघून जातात, म्हणून स्किम्ड पावडर घेताना ती नंतर मिसळलेली आहेत का, हे वेष्टनावर पाहावे. दुधातील लायसीन नावाचे अमिनो आम्ल उष्णतेमुळे तेथील साखरेशी जोडले जाते आणि थोडे वाया जाते. तुषारपद्धतीत हे नुकसान कमी असते, पण डबा दमट आणि उष्ण जागी महिनोन्महिने राहिला तर ते वाढत जाते. संपूर्ण दुधाच्या पावडरीत स्निग्धांशाचे व कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होणे हा खरा आक्षेप आहे. ताज्या, हवाबंद डब्यात ते नगण्य असते, परंतु जुन्या आणि वारंवार उघडलेल्या डब्यात ते होते आणि पावडरीला खवट वास येऊ लागतो. तो वास आला की पावडर फेकून द्यावी, चहात आले-वेलची घालून तो झाकू नये.

सासऱ्यांसाठी व्हाइटनर टाळा. माझ्या स्वयंपाकघरातील पाकिटावर १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम घातलेली साखर छापलेली आहे, आणि ही दुधातील नैसर्गिक शर्करेच्या वर आहे. म्हणजे चहात साखर न घालणारा माणूससुद्धा नकळत साखर घेत राहतो. त्यांच्यासाठी स्किम्ड पावडर योग्य, तीही दिवसभराच्या आहारात धरून. दूध पचत नाही म्हणून काही जण पावडरीकडे वळतात, त्यांनाही सांगायला हवे की दुग्धशर्करा पावडरीत पूर्णपणे असते, त्यामुळे पोट फुगणार असेल तर ते पावडरीच्या दुधानेही फुगणारच.

कारेलीबागची_आई

नणंदेचा प्रश्न वाचून मला लिहावेसे वाटले. माझा पहिला मुलगा पाच महिन्यांचा असताना मला दूध कमी पडते अशी माझी समजूत झाली आणि शेजारच्या एका अनुभवी बाईंच्या सल्ल्याने मी त्याला चहाची पावडर, म्हणजे हेच व्हाइटनर, पाण्यात बरेच पातळ करून बाटलीने देऊ लागले. बाळ शांत झोपू लागल्यामुळे सगळे ठीक आहे असे मला वाटले. दीड महिन्याने त्याचे वजन वाढायचे थांबले आणि वारंवार जुलाब होऊ लागले, तेव्हा आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, फक्त पाकीट मागवून त्याच्या मागील बाजूची ओळ वाचायला सांगितली. त्यावर स्पष्ट छापलेले होते की हे बाळांसाठी नाही. मी ते पाकीट रोज हातात धरत होते आणि ती ओळ मी कधीच वाचली नव्हती. मुलगा आता दहावीत आहे आणि उत्तम आहे, परंतु ते सहा आठवडे मी विसरलेले नाही. ताई, तुम्ही भीतीपोटी का होईना, पाजले नाही, हे फार बरे केले.

पोषण_शिकवते

कारेलीबागच्या ताईंनी जे लिहिले ते लिहायला धैर्य लागते. त्याला आधार म्हणून थोडे सांगते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह पुढेही आईचेच दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. एक वर्षाच्या आत कोणतीही साधी पावडर, मग ती संपूर्ण असो, स्किम्ड असो वा व्हाइटनर, बाळाचे मुख्य दूध म्हणून देऊ नये. तिच्यात लोह फार कमी असते आणि प्रथिने व क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना झेपतील त्यापेक्षा जास्त असतात. पातळ केली तर उष्मांक कमी पडतात, घट्ट केली तर क्षारांचा भार वाढतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसानच होते.

ज्या बाळाला वैद्यकीय कारणाने खरोखर शिशुअन्न द्यावे लागते, तेथेही काळजी आहे. शिशुअन्नाची पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच त्यात ती कालवून, मग बाळाला सोसेल इतकी थंड करून लगेच पाजायची असते आणि उरलेली टाकून द्यायची असते. पुराच्या दिवसांत स्वच्छ पाणी आणि इंधन या दोन्हींची वानवा असते, त्यामुळे बाटलीचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो आणि आईच्या दुधाचे मोलही तेव्हाच सर्वाधिक असते. नणंदेला त्या दिवसांत पावडर नको होती. बाळाला मनसोक्त पाजता यावे म्हणून तिला स्वतःला पोटभर जेवण, पाणी आणि विसावा हवा होता. आपल्याकडे शिशुअन्नाच्या आणि दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने.

फतेगंज_वसतिगृह

मी विद्यापीठात शिकतो आणि खोलीत शीतकपाट नाही, त्यामुळे माझे दोन वर्षांचे दूध म्हणजे पावडरच आहे. उकळत्या चहात ती थेट टाकली तर बाहेरून चिकट होऊन आत कोरड्या गाठी राहतात. आधी कपात दोन चमचे पावडर घेऊन थोड्याशा कोमट पाण्यात ती गुळगुळीत कालवावी आणि चहा उतरवल्यावर त्यात ओतावी, म्हणजे गाठी होत नाहीत आणि दूध फाटतही नाही. एकट्या माणसासाठी नासाडी होत नाही, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. तोटा असा की सहा महिन्यांनी घरी जाऊन आईच्या हातचे साईचे दूध प्यायलो, तेव्हा चवीतील फरक किती मोठा आहे हे मला कळले.

मांडवीची_मिठाई

आमच्या घराचा मिठाईचा व्यवसाय आहे, म्हणून पाकशास्त्राची बाजू मांडतो. गुलाबजामासाठी दुधाची पावडर हा चांगला आणि भरवशाचा पदार्थ आहे, हे मी कोणताही संकोच न बाळगता सांगतो. सणासुदीला बाजारात मावा कोणत्या प्रतीचा येईल याची खात्री नसते, तेव्हा घरी संपूर्ण दुधाच्या वाटीभर पावडरीत पाव वाटी मैदा, चमचाभर तूप आणि लागेल तसे दूध घालून, जोर न लावता हलक्या हाताने गोळा करावा. मळून मळून घट्ट केला की जामुन आतून दडस राहतो.

बासुंदी, दूधपाक आणि कुल्फी यांत मात्र मी हात आखडता घ्यायला सांगेन. आटवण्याचा वेळ वाचावा म्हणून लोक पावडर घालतात आणि दूध लवकर दाट होते हे खरे आहे, परंतु कढईच्या कडेला धरलेली साय पुन्हा पुन्हा दुधात मोडून जी चव आणि जे पापुद्रे येतात, ते पावडरीने येत नाहीत. शिवाय पावडर प्रमाणाबाहेर पडली की त्यातील दुग्धशर्करा थंड झाल्यावर बारीक स्फटिकांच्या रूपाने बाहेर येते आणि कुल्फी दाताखाली वाळूसारखी कचकचते. कोजागिरीच्या मसाला दुधात एखाद्या लिटरला एक मोठा चमचा इथपर्यंत ठीक आहे. पेढ्यांच्या बाबतीत सांगायचे तर पावडरीचे पेढे दिसायला सुबक होतात, पण दाणेदार होत नाहीत, ते टाळूला चिकटतात. माझे वडील दुकानात पावडरीच्या पदार्थांवर तशी पाटी लावत असत आणि मीही लावतो. गिऱ्हाईक ती वाचूनसुद्धा घेते.

बाजवाड्याच्या_आजी

मी अकोट्याच्या सासूबाईंच्या बाजूने लिहीत आहे. आमच्या पिढीसाठी दूध म्हणजे केवळ प्यायचे पांढरे द्रव्य नव्हते. सकाळी दूध तापवायचे, निवल्यावर साय काढायची, ती साठवून तिला विरजण लावायचे, आठवड्याला ताक घुसळून लोणी काढायचे, लोणी कढवायचे आणि तूप गाळून खाली उरलेली बेरी मुलांना साखर घालून द्यायची. एका दुधातून घरात पाच पदार्थ होत. पावडरीच्या दुधावर साय धरत नाही, म्हणजे तूप नाही, म्हणजे देवाजवळची निरांजनाची वातसुद्धा विकतच्या तुपाची. पावडर वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण ती घरात आली की हे सगळे हातचे काम एका पिढीत नाहीसे होते, आणि सासूबाईंची भीती तीच असावी.

नैवेद्याविषयी कोणी विचारण्याआधीच सांगते. अडचणीच्या वेळी पावडरीच्या दुधाचा नैवेद्य दाखवायला मला काही गैर वाटत नाही, पुराच्या वर्षी मी स्वतः दाखवला आहे. पंचामृताला आणि अभिषेकाला मात्र चमचाभर का होईना, ताजे दूध मिळवते.

दही लागते का, असा ताईंचा प्रश्न होता. लागते, आणि एका युक्तीने फार सुरेख लागते. नुसत्या पावडरीच्या दह्यापेक्षा थैलीच्या एक लिटर टोन्ड दुधात दोन ते तीन मोठे चमचे स्किम्ड पावडर कालवून ते दूध एकत्र उकळावे, बोटाला सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजण लावावे आणि रात्रभर हलवू नये. सुरीने कापावे असे दही होते. ही युक्ती मला माझ्या सुनेने शिकवली.

अकोटा_बडोदे

आजी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नंतर बेरीची आठवण काढत बसल्या. त्यांनी एक प्रश्न विचारायला सांगितला आहे आणि तो मलाही महत्त्वाचा वाटतो. आपण जी थैली ताजे दूध म्हणून घेतो, तिच्यात पावडर असते का? आणि भरवाडाकडून, म्हणजे गवळ्याकडून, सुटे दूध घेतले तर त्यात कोणी पावडर मिसळली आहे हे घरी ओळखता येते का?

आणंदचा_निवृत्त

प्रश्न अगदी नेमका आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ७ टक्के असतो. त्यात साय काढलेले दूध, किंवा पाणी आणि स्किम्ड पावडर, मिसळून स्निग्धांश ३ टक्के आणि इतर घन पदार्थ साडेआठ टक्के ठेवले की ते टोन्ड दूध होते. ही पद्धत १९४० च्या दशकात मुंबईत दारा खुरोडी यांनी रूढ केली आणि ती कायद्याने मान्य आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेचा पहिला टप्पा तर युरोपातून देणगी म्हणून आलेल्या सुमारे १ लाख २६ हजार टन स्किम्ड पावडरीवर आणि ४२ हजार टन बटर ऑइलवर (लोण्यापासून काढलेल्या शुद्ध स्निग्धांशावर) उभा राहिला. त्याचे दूध करून महानगरांत विकले गेले आणि आलेल्या पैशातून गावोगावच्या दूध संस्थांची उभारणी झाली. उन्हाळ्यात दुधाची आवक घटते तेव्हा संघ आपल्याच हिवाळ्यातील पावडरीचा आधार घेतात. म्हणजे पावडर आपल्या स्वयंपाकघरात आली नाही, तरी ती आपल्या शहराच्या दूधपुरवठ्यात पूर्वीपासून आहे. यात फसवणूक नाही, कारण प्रमाण ठरलेले असते आणि दुधाचा प्रकार थैलीवर छापलेला असतो.

फसवणूक होते ती सुट्या दुधात. दुधात पाणी घातले की ते पातळ होते आणि दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर ते लगेच दाखवतो. त्यात पावडर किंवा साखर घातली की घनता पुन्हा जागेवर येते आणि लॅक्टोमीटर निरुपयोगी ठरतो. घरच्या घरी, रंग, वास किंवा बोटावरील थेंब पाहून, हे खात्रीने ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. अशी भेसळ आरोग्याला घातक असतेच असे नाही, परंतु गिऱ्हाईक ताज्या दुधाचे पैसे देऊन पाणी घेत असते, आणि पावडर कोणत्या प्रतीची होती हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. २००८ मध्ये चीनमध्ये काय झाले ते आठवावे. पाणी घातलेल्या दुधात प्रथिने जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळले गेले, कारण नेहमीची चाचणी प्रथिने थेट न मोजता नायट्रोजन मोजते. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली. भारताने चिनी दुग्धपदार्थांच्या आयातीवर बंदी घातली. म्हणून माझा आग्रह असा की सुटी, तोलून मिळणारी, नाव-गाव नसलेली पावडर कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये.

वाघोडिया_रोड

आणंदच्या काकांच्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून मी थोडा मतभेद नोंदवतो. पावडरीमुळे शेतकऱ्याला वर्षभर हमी मिळाली हे खरे, पण त्याच पावडरीचे साठे पडून राहिले की त्याच्या दुधाचा भाव कोसळतो हेही खरे आहे. जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रात दूधदरासाठी आंदोलन झाले, तेव्हा जागतिक बाजारातील पडलेल्या किमती आणि डेअऱ्यांकडे न विकली गेलेली पावडर हे त्याचे एक मोठे कारण होते. माझे मामा त्या वर्षी नगर जिल्ह्यात चार गाई सांभाळत होते आणि खाद्याचा खर्चही निघेना म्हणून त्यांनी दोन गाई विकल्या. आपण शहरात बसून पावडरीच्या सोयीविषयी बोलतो, तेव्हा ही बाजूही कोणीतरी मांडायला हवी.

आणंदचा_निवृत्त

आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ते मी माझ्या पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवे होते. पावडरीमुळे दूध दूरच्या बाजारात जाऊ शकते, आणि म्हणूनच दूरच्या बाजारातील मंदी गावापर्यंत पोहोचते. ज्या संघाकडे स्वतःचा शहरी ग्राहक, चीज, लोणी, आइस्क्रीम असे अनेक मार्ग असतात तो असे वर्ष सोसू शकतो. ज्या डेअरीचा सगळा भार केवळ पावडर विकण्यावर असतो, ती पहिला हात शेतकऱ्याच्या दराला घालते. आपल्या मामांविषयी वाचून वाईट वाटले.

पोषण_शिकवते

साठवणीचा प्रश्न राहिला आहे, तो पूर्ण करते. बंद पाकीट छापलेल्या तारखेपर्यंत टिकते, परंतु ती तारीख न उघडलेल्या पाकिटाची असते, हे बरेच जण विसरतात. उघडल्यावर पावडर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात काढावी, त्यावर उघडल्याची तारीख लिहावी आणि साधारण महिन्याभरात संपवावी. बडोद्याच्या पावसाळ्यात पावडर हवेतील ओलावा फार लवकर ओढते, तिच्यातील दुग्धशर्करा चिकट होते आणि दगडासारखे खडे बनतात. ओला चमचा कधीही घालू नये, आणि वाफेच्या भांड्यावर डबा धरून पावडर ओतू नये. चिमटीत सहज फुटणारी गाठ चालते. रंग पिवळट झाला असेल किंवा वास बदलला असेल, तर चालत नाही. पूरप्रसंगासाठी ठेवायची असेल तर एक मोठा डबा आणण्याऐवजी लहान लहान पाकिटे आणावीत, म्हणजे एक उघडले तरी बाकीची सुरक्षित राहतात.

आणखी एक गोष्ट, जी अनेकदा दुर्लक्षित राहते. पाण्यात कालवल्या क्षणापासून ती पावडर राहत नाही, ती दूध होते आणि दुधासारखीच नासते. वीज गेलेली असताना सकाळी कालवलेले दूध संध्याकाळी मुलाला देऊ नये. लागेल तेवढेच, उकळलेल्या पाण्यात, लागेल तेव्हाच करावे.

किमतीची तुलना करायची असेल, तर संपूर्ण दुधाच्या १ किलो पावडरीचे साधारण ८ लिटर दूध होते असे धरावे, डब्याच्या किमतीला ८ ने भागावे आणि आलेला आकडा तेवढ्याच स्निग्धांशाच्या थैलीशी ताडून पाहावा. आमच्या घरी तरी प्रत्येक वेळी थैलीच स्वस्त पडली आहे. लहान पाकिटांत तर ही तफावत आणखी वाढते.

अकोटा_बडोदे

सर्वांचे मनापासून आभार. काल मी मागील बाजूचा मजकूर वाचून दोन प्रकारची पाकिटे आणली: सासऱ्यांसाठी आणि दह्यासाठी साखर नसलेली स्किम्ड, आणि मुलासाठी संपूर्ण दुधाची चार लहान पाकिटे, जी मेणबत्त्या आणि काडेपेट्यांच्या शेजारी वरच्या फळीवर ठेवली आहेत. सासूबाईंनी एकच अट घातली की जून ते सप्टेंबर सोडून ती फळीवरून खाली येऊ नयेत, आणि सप्टेंबर संपल्यावर उरलेल्या पाकिटांचे गुलाबजाम करावेत. ही अट मी मान्य केली आहे. नणंदेला पोषणाच्या ताईंचा प्रतिसाद पाठवला, तिचे दुसरे बाळ मार्चमध्ये होणार आहे.

आजी, तुमच्या प्रमाणाने रात्री दही लावले होते. सकाळी सासूबाईंनी वाटी तिरपी करून पाहिली, दही जागचे हलले नाही. त्यांनी विरजणासाठी त्यातले दोन चमचे काढून बाजूला ठेवले आहेत.